पंख्याखालचं टेबल

रोज चहा मागवून त्यातला घोटभरही न पिणारा माणूस पूर्व विदर्भातल्या अख्ख्या झाडीपट्टीत आमच्या शेजारच्या भाऊंखेरीज दुसरा झाला नसेल. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत मी वडशाला मास्तर होतो. भाऊ राईस मिलमध्ये कामाला असताना धानाच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. आवाज मात्र शाबूत राहिला, आणि पायांची उणीव ते आवाजाने भरून काढत. हाताने फिरवायची तीनचाकी सायकल घेऊन ते रोज सकाळी स्टेशनजवळच्या हॉटेलापुढे हजर होत. हॉटेलचा ओटा एवढा उंच की धडधाकट माणूसही धोतर सावरून पायऱ्या चढे. भाऊ खालूनच गरजत, "चाचा, एक चहा! पंख्याखालच्या टेबलावर ठेवा." चाचा म्हणजे हॉटेलमालक, देवमाणूस. ते स्वतः कपबशी घेऊन खाली येत. "तुमाले इथीच देतो ना भाऊ, काऊन तकलीफ करता?" भाऊ मान फिरवत. शेवटी चहा टेबलावर जाई आणि भाऊ रस्त्यावरून त्याची राखण करत. त्या टेबलाशी कोणी टेकलं की खालून आरोळी येई, "ओ पाव्हणे, माणूस बसला हाये तिथी!" बिचारा पाव्हणा रिकाम्या खुर्चीची माफी मागून उठे. चहावर साय धरेपर्यंत थांबून भाऊ पैसे देत आणि निघत. उचलून आत नेतो म्हणणाऱ्यांवर ते उखडत, "मी का धानाचं पोतं आहो?"

हा हट्ट कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं. भाऊ पहिल्यांदाच हळू बोलले. "मास्तर, माह्या बापाले जातीपायी आत येऊ देत नव्हते. ह्याच मातीत उकिडवा बसून चहा पेला तो, जलमभर. आता कोणाची बंदी नाई. मंग मी बाहेर काऊन पेऊ?"

थंडीत नाटकांचा हंगाम सुरू झाला. एका मंडळीचं सामान हॉटेलसमोर उतरत होतं. भाऊंची आरोळी ऐकून तिथल्या गड्यांनी रंगमंचाच्या लांब फळ्या हसत हसत पायऱ्यांवर टाकल्या. मागून सायकलला हात लावायची परवानगी भाऊंनी मोठ्या मिनतवारीने दिली. पंख्याखाली पोचल्यावर त्यांनी कप तोंडाला लावला आणि चक्क रडले. चाचांचेही डोळे भरले. "सिमेंटचा उतारच बांधून देतो भाऊ," असं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

फळ्या मंडळीबरोबर पुढच्या गावाला गेल्या. उतार मात्र झाला नाही. पायऱ्यांशेजारी ज्या जागी तो बांधायचा, तिथे भज्यांची भट्टी होती, ती हलवली तर धंदा बसतो असं चाचा म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. पुढे पाऊस आला, मग चाचांच्या लेकीचं लग्न निघालं. भाऊ आधी रोज विचारत, मग कधीमधी, मग विचारीनासे झाले. टेबलासाठी ओरडणंही थांबलं.

एका सकाळी चाचा नेहमीसारखे कपबशी घेऊन खाली आले. भाऊंनी हात पुढे करून ती घेतली. भर रस्त्यात, मान खाली घालून, त्यांनी सगळा चहा संपवला. चाचांचा आनंद गगनात मावेना. "पायलं का मास्तर, पेले की नाई शेवटी!" असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.