ओल्या टॉवेलचं संशोधन

मी विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवते. माणसं घरात सहज कशी बोलतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. पण समोर रेकॉर्डर दिसला, की भलेभले बातम्या वाचल्यासारखे बोलायला लागतात. परवा तो स्वयंपाकघरात चुकून चालूच राहिला आणि पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून माझं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण झालं. नंतर ऐकलं, तर इतकं अस्सल बोलणं मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं! त्यातलं बहुतेक माझंच होतं, हा भाग वेगळा.

संशोधनाच्या नियमाप्रमाणे मी नवऱ्याची परवानगी मागितली.

तो म्हणाला, “खुशाल वापर. त्या निमित्तानं मी काय म्हणत होतो, ते तरी तू...”

“मी नेहमीच ऐकते!” मी त्याला मध्येच तोडलं.