राऊत सरांचा मदरबोर्ड

दुकानात बसायला एकच स्टूल ठेवलं, तर माणूस काम सांगतो आणि निघतो. दोन ठेवली की समोर सल्लागार येऊन बसतो, आणि किस्से साठायला लागतात! डहाणू स्टेशनजवळच्या माझ्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात मी दोन ठेवली. चूक माझीच.

एका स्टुलावर राऊत सर. तलासरीला गणिताचे शिक्षक, राहायला डहाणूला समुद्राकाठी. मी झरीचा, त्यामुळे मीही त्यांच्याच हाताखालून गेलोय. दुसऱ्या स्टुलावर जयेशभाई, गुजराती, चिकूची वाडी असलेला, कॉम्प्युटरमधलं काही न कळणारा आणि सगळ्यावर मत असणारा.

सरांची मुलगी तन्वी. बापलेक घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर गाड्यांची रेस खेळायचे. तो डबा दर वळणावर अडकायचा. सरांनी २०१६ मध्ये शब्द दिला, "तुझी दहावी झाली की आपण दोघं मिळून नवं गेमिंग मशीन जोडू."

दहावी झाली. अकरावी झाली. सर अजून मदरबोर्ड निवडत होते!

*

निवडायची पद्धत सरांची स्वतःची. प्रत्येक बोर्डाला पन्नासपैकी मार्क. रॅमच्या खाचांना दहा, यूएसबीला पाच, वॉरंटीला दहा, असं करत शेवटी 'एकूण वर्तणूक' पाच. लाल पेनाने.

मी विचारलं, "सर, बोर्डाची वर्तणूक कशी कळते?"

"लोकांच्या तक्रारी वाचून. तुझी कशी कळायची?"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

एका बोर्डाला साडेएकोणचाळीस मिळाले. सर म्हणाले, "अर्धा मार्क ग्रेस देऊ का, विचार करतोय." विचार दोन महिने चालला. तोवर ते मॉडेल बाजारातून गेलं, आणि सरांनी नव्या बॅचचे पेपर तपासायला घेतले.

*

एकदा मी बोलता बोलता म्हणालो, "समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने बोर्ड लवकर खराब होतात." हे बोलायला नको होतं.

सरांनी माझ्यासमोर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकरवर.

"मॅडम, समंदर हमारे घर से चारशे पावलं है. भरती को तीनशे. आपका कौन सा बोर्ड टिकेगा?"

पलीकडची मुलगी फार काळजीने म्हणाली, "सर, आप पहले फॅमिली को वहाँ से हटाइए!"

जयेशभाई स्टुलावरून पडायचाच बाकी होता.

*

जयेशभाईची पद्धत याहून सोपी. आम्ही तिघं त्याच्या टेम्पोतून वापीला गेलो होतो. दुकानदाराने काउंटरवर पाच खोके मांडले. जयेशभाईने चिकू पारखावा तसा एकेक खोका हातात घेऊन तोलला आणि चौथा सरांपुढे सरकवला.

"सर, हाच घ्या ने. भरलेला माल आहे. बाकी बधा, सगळे पोकळ!"

आश्चर्य म्हणजे त्याच बोर्डाला सरांच्या वहीत त्रेचाळीस मार्क होते! गणिताचं आणि चिकूचं उत्तर एकच आलं. आम्ही खरेदी करून टाकली.

सरांच्या घरी येऊन खोका उघडला. बोर्ड पापडासारखा हलका. वजन होतं ते सतरा भाषांतल्या माहितीपुस्तकाचं! मराठी त्यात नव्हती. जयेशभाईने पानं उलटसुलट केली आणि दुखावल्या आवाजात म्हणाला, "गुजराती पण नाय!"

*

आता खरी गंमत. तन्वीने स्वतःच्या बक्षिसाच्या पैशांतून प्रोसेसर आधीच आणून ठेवला होता, आणि सरांच्या मार्कांच्या तक्त्यात 'या बोर्डावर हा प्रोसेसर बसतो का' हा प्रश्नच नव्हता. प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचा. जन्मात बसला नसता!

तेव्हा तन्वीची बारावी संपून पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन झाली होती. मावशीकडे राहायचं पक्कं होतं. जायला अकरा दिवस उरले होते.

ती म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर हे मशीन जोडून तुम्ही कोणाबरोबर खेळणार आहात?"

सर मान खाली घालून बसले. तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस असा बसलेला मला बघवेना. मीच म्हणालो, "सर, बोर्ड बदलून आणतो. पण आता मार्क मी देणार."

दुसऱ्या दिवशी वापीला जाऊन बदलून आणला. दुकानदार बिचारा भला होता.

*

बाकीचे सुटे भाग जमवायला आठवडा गेला. मशीन जोडायच्या दिवशी काकी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "नवी वस्तू आधी देवापुढे." बरोबरच आहे. घरोघरी तसंच करतात. मी चहा पीत होतो. सरांनी बोर्ड पिशवीतून काढून पाटावर ठेवला होता, 'देवाला नीट दिसावा' म्हणून. काकींनी हळद-कुंकू खोक्याला लावलं, अक्षता मात्र सढळ हाताने बोर्डावर!

मी फुंकून, ब्रशने झाडून, सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. तन्वीची बॅग दारात भरून ठेवलेली. परवा निघायचं होतं.

दीड तास शोधल्यावर सापडलं. रॅमच्या खाचेत तळाशी एक कुंकू लागलेला तांदूळ! चिमट्याने काढला. बटण दाबलं. पडदा उजळला.

सर म्हणाले, "बघ, तुझ्या अक्षतेने अडवलं होतं."

काकी म्हणाल्या, "अडवलं नाही, थांबवलं. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला बोलले होते, पोर जरा उशिरा जाऊ दे म्हणून."

कोणीच हसलं नाही. मग तन्वीने आईला मिठी मारली, आणि दोन दिवस बापलेक जेवायलासुद्धा उठले नाहीत.

*

तन्वी गेली. मशीनही गेलं. जयेशभाईच्या गाडीत, मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर.

चौथ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय, तर सर पायरीवर बसलेले. शाळेला रजा टाकून!

"दिनेश, मदरबोर्ड आहे?"

"कोणाला हवाय, सर?"

"मला. सगळं मशीनच जोडून दे."

मी हबकलो. आतून तीन खोके आणले, पुसले, ओळीने मांडले. म्हटलं, आता दोन वर्षं गेली. "सर, हा घेतलात तर रॅमच्या खाचा चार आहेत, पण त्या बाजूच्या बोर्डाला—"

सरांनी खोक्यांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यात जवळचा उचलून माझ्या हातात दिला.

"सर, वॉरंटी तरी विचारा!"

"तन्वी संध्याकाळी साडेसातला रेसला ऑनलाइन येणार आहे. तोवर चालू होईल ना, तेवढं सांग."