अवेळी घेतलेली हजेरी

गुरुनाथ त्र्यंबक उकिडवे. जन्म रत्नागिरी, १९४७. निधन डुलूथ, मिनेसोटा, फेब्रुवारी २०२४. चौतीस वर्षे वीजनिर्मिती केंद्रात अभियंता आणि निवृत्तीनंतर शिकार-सुरक्षेच्या वर्गाचे विनावेतन शिक्षक. सत्त्याहत्तर वर्षांचा हिशेब एवढ्या ओळींत बसतो; बसत नाही ती एक सकाळ.

गुरुनाथरावांना शिकारीची गोडी लागली ती बंदुकीपायी नव्हे. १९७८च्या नोव्हेंबरात एका सहकाऱ्याने त्यांना डुलूथच्या उत्तरेकडील रानात नेले, एका मचाणावर बसवले आणि तो स्वतः दूर निघून गेला. चार तास ते एकटे होते. खाली दलदलीवरून धुके उठत होते. टॅमरॅकच्या झाडांच्या उरल्यासुरल्या पिवळ्या सुया वाऱ्याविनाच गळत होत्या. झोप आणि जाग यांच्यामध्ये माणसाला बसता येईल एवढी जागा असते, हे त्यांना त्या दिवशी कळले. पुढे त्यांनी बार क्वचितच काढला. हंगाम मात्र एकही चुकवला नाही.

"एवढ्या थंडीत झाडावर बसायचं आणि हात हलवत घरी यायचं," त्यांच्या पत्नी शोभनाबाई म्हणत, "त्यापेक्षा मागच्या अंगणात बसा. निदान चहा तरी मिळेल."

२००४ साली या बैठकीला जोडीदार मिळाला. संजय भोंगाडे मूळचा नागपूरचा, वयाने वीस वर्षांनी लहान, त्याच राज्यातल्या प्लिमथला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. पहिल्याच दिवशी तो रानात वाट चुकला आणि तीन तासांनी सापडला. त्याच संध्याकाळी गुरुनाथरावांनी दोन वॉकीटॉकी विकत आणल्या आणि दोन नियम घालून दिले. पहिला नियम हजेरीचा. दर अर्ध्या तासाला, घड्याळाच्या काट्यावर, गुरुनाथराव बोलत: "एक नंबर ठीक." पलीकडून उत्तर यायचे: "दोन नंबर ठीक काका. पाय गारठले. चहा पाठवा ना."

"फालतू बोलू नकोस. बॅटरी उतरते."

"तुमचा आवाज ऐकून थोडी गर्मी येते, म्हणून बोलून राहिलो."

दुसरा नियम असा की, या यंत्रावर जनावराविषयी एक अक्षर बोलायचे नाही. राज्याचा कायदाही तेच सांगत होता: प्राणी टिपण्याच्या कामी वायरलेस वापरायचा नाही. परंतु गुरुनाथराव हा नियम व्रतासारखा पाळत. वर्गात ते दरवर्षी सांगत, "हे यंत्र माणसाने माणसाची खुशाली विचारण्यासाठी आहे. हरणाला डोळे आहेत, कान आहेत, नाक आहे. आपल्याकडे बंदूक आहे. त्यात वाऱ्यावरून बोलणारा आणखी एक माणूस घातला, तर तो सामना राहत नाही."

२०२३चा हंगाम हा दोघांचा विसावा. त्या वर्षी संजयचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले होते, आणि त्याची पत्नी प्रीता हिने अट घातली होती की शनिवार-रविवार जाऊन या, पण सोमवारी रायफल घरात दिसता कामा नये. संजयने शब्द दिला होता. निघताना गाडीत तो म्हणाला, "वीस वर्षांत माद्या पाहिल्या, पिल्लं पाहिली, एक साळिंदर पाहिलं. शिंगवाला नर एकदा समोर यावा, बस. मग खुशाल ठेवतो बंदूक."

ते वाक्य गुरुनाथरावांबरोबर मचाणावर चढले.

शनिवारची सकाळ उजाडली ती उजेडापेक्षा धुक्यानेच. रात्री चिमूटभर बर्फ पडला होता. तीनशे पावलांवरच्या मचाणावर संजयचे भडक नारिंगी जॅकेट तेवढे दिसत होते. मधले रान जणू कोणी पुसून टाकले होते. वॉकीटॉकीतून अधूनमधून बारीक घरघर येई, आणि ती यंत्रातून येते की स्वतःच्या छातीतून, हे गुरुनाथरावांना सांगता आले नसते. पहाटे संजयच्या बोटांना वॉकीटॉकीची, आवाज ऐकायची कानातली गोळी नीट बसवता आली नव्हती. शेवटी ती काढून टाकून त्याने यंत्राचा कर्णाच चालू ठेवला होता. गुरुनाथरावांनी ते पाहिले होते.

आठची हजेरी झाली. आठ वाजून बारा मिनिटांनी संजयच्या मागील बाजूस धुके किंचित दाटले, त्याला पाय फुटले, मान फुटली आणि शिंगे फुटली. तो नर चालत आला असे म्हणता येणार नाही. तो तिथे उमटला. गुरुनाथरावांनी दुर्बीण लावून शिंगांची टोके मोजली. दहा. संजयचे तोंड विरुद्ध दिशेला होते. नर त्याच्यापासून चाळीस पावलांवर थांबला आणि शांतपणे, फार दिवसांच्या ओळखीने पाहावे तसा, त्या नारिंगी पाठीकडे पाहत राहिला.

दोन शब्दांचे काम होते: मागे वळ.

गुरुनाथरावांनी पाहिले, की आपला अंगठा बटणाकडे चालला आहे. स्वप्नात आपलाच हात परक्यासारखा दिसतो, तसा तो त्यांना दिसला. अंगठ्याने बटण दाबले. ओठ विलग झाले.

पलीकडे संजयच्या कर्ण्यातून खर्रकन आवाज झाला.

"बोला काका?" संजय नेहमीच्या आवाजात म्हणाला.

नराने मान वर केली. पांढरी शेपटी एकदा चमकली, आणि जाग येताच स्वप्न जाते तसा तो गेला. मागे फांदीही हलली नाही.

"काका? ठीक आहे ना? उतरू का खाली?"

"ठीक आहे. हजेरी घेतली."

"आठ वाजून बारा मिनिटांनी?"

वीस वर्षांत गुरुनाथरावांनी एकही हजेरी मिनिटभर पुढेमागे घेतली नव्हती, हे त्या दोघांनाही पक्के ठाऊक होते. संजय सावकाश मागे वळला. तिथे आता नुसते धुके होते.

दहा वाजता दोघे खाली उतरले. संजय सरळ मचाणामागे गेला आणि बर्फातल्या खुरांच्या ठशांपाशी उकिडवा बसला.

"मोठा होता?"

"होता."

"शिंगं?"

"दहा टोकं."

संजयने एका ठशात तळवा ठेवला. हात थरथरत होता. त्याने तो थरथरू दिला. "म्हणजे तुम्ही मला सांगणार होते. तुम्ही! माझी कीव आली का काका?"

"कीव नव्हे रे. मोह झाला."

"मला वळायचं सुचलं असतं, नसतं सुचलं. नसतं सुचलं, तर ते माझं नशीब. पण माझं होतं ना ते? हात जात चालला, गाडी चालवणं जात चाललं. एवढं तरी माझं माझ्याकडे राहू द्यायचं होतं."

गुरुनाथरावांनी मान खाली घातली. "चुकलो," ते म्हणाले.

मग संजयने विचारले, "एक सांगा. मी गप्प राहिलो असतो, तर तुम्ही बोलले असते का?"

"विचार करून सांगतो."

"आता यालाही विचार लागते? बरं. सांगा केव्हाही."

रविवारीही दोघे बसले. नर आला नाही. रागावला होता तरी संजयने प्रत्येक हजेरीला उत्तर दिले. फक्त चहा मागितला नाही. सोमवारी त्याने प्रीताला दिलेला शब्द पाळला.

गुरुनाथरावांनी त्याच आठवड्यात वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करून घडले ते सांगितले. तो हसून म्हणाला, की बोलला नाहीत आणि शिकारही झाली नाही, तेव्हा नोंदवायचे तरी काय? जानेवारीच्या वर्गात त्यांनी तोच प्रसंग तारीखवेळेसह मुलांपुढे ठेवला. आन्या नावाच्या मुलीने इंग्रजीत विचारले, "पण तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. मग नियम कुठे मोडला?"

"अंगठा माझाच होता," गुरुनाथराव म्हणाले. त्यानंतर वायरलेसचा पाठ दुसऱ्याने घ्यावा अशी लेखी विनंती त्यांनी केली. बाकीचे पाठ ते घेत राहिले. फेब्रुवारीत एका दुपारी खुर्चीत डुलकी लागली, ती लागलीच.

संजय भेटायला आला तेव्हा त्याने शोभनाबाईंना विचारले, "काकू, माझ्यासाठी काही सांगून गेले का?"

"रोज सकाळी तुला पत्र लिहायला बसायचे. एक दिवस 'मी बोललो असतो' असं लिहायचे, दुसऱ्या दिवशी 'बोललो नसतो'. दोन्ही फाडायचे. मी म्हटलं, अहो, फोन करा ना! तर म्हणाले, खरं काय ते ठरल्याशिवाय कसा करू?"

संजयने आलेल्या चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला आणि तो पूर्ण संपवला.

पाठ दुसऱ्या शिक्षकाकडे गेला. अधिकाऱ्याच्या दप्तरी काही नोंद नाही. रायफल प्लिमथच्या घरातून गेली. गुरुनाथ त्र्यंबक उकिडवे यांच्याकडून संजय भोंगाडे यांना एक उत्तर येणे आहे.