पाहून राह्यली मी

“थांबा ताई, पाहून राह्यली मी.” काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरून ती एवढंच म्हणायची. नळी हलवायची नाही, नुसती हळूच कलती करायची. तळाशी बसलेला लाल ठिपका धुरासारखा विरला, तर पेशंटचं आणि दात्याचं रक्त जुळलं. गुठळी होऊन सुटला, तर नाही. आम्हाला हे पाहायला दोन-चार सेकंद पुरत. ती मात्र पाहतच राहायची. मला राग यायचा. खरं तर हेवा वाटायचा, पण हा शब्द मी आज पहिल्यांदाच वापरते आहे.

यवतमाळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत आम्ही दोघी तंत्रज्ञ होतो. मी चौदा वर्षांची जुनी, कायम नोकरीतली. ती उमरखेडकडची, कंत्राटावर आलेली, वयाने माझ्याहून दहा वर्षं लहान. सहा महिन्यांतच डॉक्टर अडलेला नमुना माझ्या हाती पाहून म्हणू लागले, “जरा तिला दाखवा.”

एका बाबतीत मात्र मी वरचढ होते. मी नेमाने रक्तदान करायचे, तिला ते करताच येत नव्हतं. तिचं वजन बेचाळीस किलो, आणि पंचेचाळीसच्या खाली आम्ही कोणाचं रक्त घेत नाही. शिबिरात मी मुद्दाम कॉलेजच्या मुलांसमोर म्हणायचे, “आमच्या या मॅडमनी अजून एक थेंब दिलेला नाही बरं!”

“काय करू जी,” ती हसायची, “मले तर एसटीचा कंडक्टरही अर्धंच तिकीट देते.”

मुलं तिच्याच बाजूने हसायची.

रिकाम्या दुपारी ती आम्हा सगळ्यांचं रक्त तपासून वहीत काहीबाही लिहायची. ए, बी, ओ यांच्या पलीकडेही लाल पेशींवर कितीतरी बारीक खुणा असतात, त्या. “कायले हा उद्योग?” मी तिची नक्कल करून विचारायचे. “असू द्या ताई,” ती म्हणायची.

एका सकाळी राळेगावकडची एक बाई बाळंतपणासाठी आली. अंगात रक्त कमी, संध्याकाळी सिझेरियन. गट बी पॉझिटिव्ह. मी बीच्या चार आणि ओच्या दोन, होत्या तेवढ्या सगळ्या पिशव्या जुळवून पाहिल्या. सहाही नळ्यांत गुठळ्या. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिला विचारायचं जिवावर आलं होतं. शेवटी तीच माझ्या मागे येऊन उभी राहिली, नळ्या पाहिल्या आणि बाहेर बाईच्या नवऱ्याकडे गेली.

“भाऊ, इले आधी कधी रक्त चढवलं होतं का?”

पहिल्या बाळंतपणात चढवलं होतं. दुपारपर्यंत तिने छडा लावला. त्या जुन्या रक्तात ‘लहान सी’ नावाची खूण होती. बाईच्या पेशींवर ती नव्हती, म्हणून शरीराने त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून ठेवली होती. आता गट जुळणारा आणि ती खूण नसलेलाच दाता हवा. तिने वही उघडली. दोन नावं निघाली: गेटवरचे सुरक्षारक्षक आणि मी.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शोध तिचा असेल, पण रक्त माझं! मी फॉर्म भरायला बसले. गेल्या तीन महिन्यांत मलेरिया? मी ‘नाही’वर खूण केली.

तिने फॉर्म वाचला, उठून दार लोटलं.

“ताई, तुम्हाले मलेरिया झालता. दोनच महिने झाले.”

“साधा ताप होता.”

“तुमची ड्युटी मीच केलती ना. रिपोर्टही मीच पाह्यला.”

“इतकी वर्षं रक्त देते मी. मला शिकवतेस?”

“त्या बाईच्या अंगात तुमचा ताप कायले घालता?” आवाज जराही चढला नव्हता. तिने फॉर्मची घडी करून माझ्या एप्रनच्या खिशात ठेवली आणि गेटकडे गेली.

लपवत नाही, त्या वेळी माझ्या मनात आलं होतं: त्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी निघो.

निघालं नाही. सगळ्या तपासण्या उरकून पिशवी वेळेत वर गेली. मुलगी झाली, आई वाचली. डॉक्टर शाबासकी द्यायला खाली आले तेव्हा ती म्हणाली, “सर, सहाही पिशव्या ताईंनी अडवल्या. ताईनं एक जरी सोडली असती तर कठीण होतं.”

बोलली ते खरं होतं. पण मी तिच्या जागी असते, तर बोलले नसते. तिचा सर्वांत जास्त हेवा मला त्या क्षणी वाटला.

पुढे दुसऱ्या जिल्ह्यात तिला कायमची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी रजा टाकली. संध्याकाळी ती घरी आली, चहा प्याली, आणि जाताना टेबलावर बामची डबी ठेवून गेली.

आता आमच्याकडे एक नवीन तंत्रज्ञ आली आहे. परवा असाच एक अवघड नमुना मी सोडवला, तेव्हा तिने विचारलं, “मॅडम, एवढं सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?”

“अनुभवानं,” मी म्हणाले.

नाव अगदी जिभेवर आलं होतं. इथेही मी ते लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.