माझ्याआधी गावात कोण येतं?

उदगीर जिल्हा होणार, अशी त्या उन्हाळ्यात पुन्हा हवा उठली होती. चौकाचौकात फलक लागले, पुढाऱ्यांच्या गळ्यात हार पडले; नव्या जिल्ह्याला पाणी कुठून आणणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. माझा धंदा तेवढा जोरात होता. मी बोअरमधल्या मोटारी काढायचो. बोअर आटला की शेतकरी बोलावणार, मी लोखंडी तिपाई उभी करून साखळीच्या कप्पीनं पाइप ओढत ओढत मोटार वर आणणार. लोकांच्या दुष्काळावर आपली चूल पेटते याची लाज वाटायची, पण करणार काय?

त्या वर्षी भलतंच व्हायला लागलं. बोअरच्या तोंडाशी पाइपला आवळलेली लोखंडी पकड सोडावी, तर वरचा पाइपचा तुकडा आणि केबलचं टोक तेवढं जागेवर. खाली काहीच नाही. मोटार, केबल, बाकीचे पाइप सगळं नेऊन चोरांनी वरचा देखावा तसाच ठेवलेला. आटलेल्या बोअरकडे बघतो कोण? मालक कपाळावर हात मारून घ्यायचा आणि तडक ठाण्यात जाऊन तक्रार द्यायचा. गावोगाव असं झालं, आणि एक दिवस पोलीस माझ्याच दारात आले.

लातूरला ठाण्यात नेऊन पोलीस साहेबांनी फोनच्या नोंदी माझ्यापुढं आपटल्या. "ज्या दिवशी चोरी, त्या दिवशी तुझा फोन त्याच गावात. दर वेळी. आता बोल."

फोन खोटं बोलत नव्हता, मी होतोच तिथं. "मला बोलावलं म्हनून गेलतो साहेब," एवढंच मी घोकत राहिलो. तालुक्यात आधीच पाणी नव्हतं, उरलंसुरलं माझ्या तोंडचंही पळालं. बायको बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती.

दुपारनंतर मला वरच्या खोलीत नेलं. तिथं एक मॅडम संगणकासमोर बसल्या होत्या, अंगावर वर्दी नाही. हदगावकडच्या. फोनच्या नोंदी, तक्रारी, गावं असं सगळं एकमेकांशी ताडून त्यातून अर्थ काढायचा, हे त्यांचं पोलिसांतलं काम. त्या दिवशी मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

"मोटार गेली तो दिवस आणि गेल्याचं कळलं तो दिवस, एकच असेल का?"

"कसा असंल मॅडम? म्या वर काढायला गेल्याबिगर कळतंच न्हाई की!"

त्या साहेबांकडे वळल्या. "हा जातो म्हणून चोरी होत नाही साहेब. हा जातो म्हणून चोरी कळते."

सकाळपासून हेच मला सांगायचं होतं, आणि मला ते सांगता आलं नव्हतं. शेतात पाऊल न टाकता या बाईनं ते पडद्यावरच्या ठिपक्यांत वाचलं होतं.

"तुमच्याआधी गावात कोण येतं?"

"पाणाड्या," मी बोलून गेलो आणि माझ्याच काळजात चर्रर्र झालं. तळहातावर नारळ घेऊन नव्या बोअरची जागा दाखवणारा आमचा पाणाड्या. शेतात आला की त्याचा पहिला प्रश्न, जुना बोअर कधी आटला? कितीदा आम्ही दोघं एका टपरीवर चहा प्यायलो होतो. त्याचा नंबर माझ्याच फोनमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. तक्रारीच्या कितीतरी आधी पाणाड्या प्रत्येक गावात जाऊन आला होता, एकदा दिवसा आणि मग पुन्हा रात्री. त्यांनी कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावावर बोट ठेवलं. "इथंही तो असाच दोनदा गेलाय, तुम्ही मात्र इथं कधीच गेला नाहीत. इथून अजून तक्रार नाही. पण मोटार गेलेली आहे."

न पाहिलेल्या बोअरच्या तळाबद्दल बाई इतकं ठाम बोलत होती की माझ्या अंगावर काटा आला. साहेब म्हणाले, "आणि जागेवर निघाली, तर ह्याला आत टाकतो."

त्या गावात पाणाड्यानं जागा दाखवलेलं शेत गाठलं, तर मालक आटलेल्या बोअरपाशी आडवाच आला. "मोटार हाय की माझी! कशाला हात लावायलात?" समजूत काढून त्याला बाजूला केलं. मी पकडीचे नट सोडले. खाली मोटार असती, तर तो पाइप तिपाईशिवाय तसूभर हलला नसता. मी दोन्ही हातांनी धरून नुसता उचलून पाहिला.

तो सहज वर आला.

मालक धपकन मातीत बसला. "अय्यो देवा, गेली रं!" म्हणत गुडघ्यांवर डोकं आपटायला लागला. मी पाइप धरून त्याच्यासमोर उभा होतो आणि मला हसू फुटत होतं, काही केल्या आवरेना. बाजूला जाऊन बायकोला फोन लावला.

"मोटार गेलीय," मी म्हणालो.

पलीकडून ती ढसाढसा रडायला लागली. "बरं झालं," म्हणाली, "लई बरं झालं."