टरलोची उघडी पाठ

टरलो मॅकहेल कोपरापासून खाली आणि गळ्यापासून वर कौलासारखा तांबडा होता. बाकीचा सगळा ताकात बुडवून काढलेला. तीस वर्षं ट्रॅक्टरवर बसला, पण उन्हानं दिसलं तेवढंच रंगवलं. "मी म्हंजी अर्धं रंगवल्यालं फाटक," असं तो स्वतःच सांगायचा. "रंगारी जेवायला म्हणून गेला, त्यो आलाच न्हाई."

सत्तेचाळीस वर्षं त्याला ह्याचं काही वाटलं नाही. पण औंदा शाळेच्या स्वयंपाकघरातल्या विधवा नोरीननं विचारलं, जूनमधी आठवडाभर लांझारोटे बेटावर, समुद्राकाठी ऊन खायला येतोस का? टरलो हरखून हो म्हणून बसला. मग ध्यानात आलं, तिथं शर्ट काढावा लागतो. नोरीन हसायला लागली म्हणजे शेजारच्या गल्लीत कुत्री भुंकायची. ती त्याच्या पांढऱ्या छातीकडं बघून तशी हसली, तर पुन्हा तिच्यापुढं गडी म्हणून उभं राहायचं कसं?

तो असम्प्टाच्या औषधाच्या दुकानात गेला आणि उन्हाचा रंग चढवणारं लोशन मागितलं. ते पण हळूच, गाईच्या जंताचं औषध स्वतःसाठी मागितल्यासारखं.

असम्प्टानं चष्म्यावरून बघितलं. "कुणाला रे?"

"मलाच."

"लेका, ह्यानं असलेला रंग वाढतो म्हणत्यात, त्याचीबी खात्री न्हाई. तुझ्यात रंगच न्हाई, नुसतं ठिपकं हायेत. आन् ह्यात ऊन अडवणारं काय नसतं. ती दुसरी बाटलीबी ने."

"एक रंग आणणार, दुसरी त्याला दारात अडवणार! मग मी काय दोघींची भांडणं सोडवू?"

एकच बाटली घेऊन तो घरी आला.

शनिवारी दलदलीतनं कापून काढलेली, चुलीत जळणाऱ्या मातीची काळी ढेकळं वाळायला उभी करायची होती. आभाळ भरलेलं. ढग असले की ऊन नाही, ही त्यांच्या पावसाळी मेयो परगण्यातल्या माणसाची पक्की समजूत. टरलोनं शर्ट काढला, लोशन चोपडलं आणि चार तास वाकून ढेकळं एकमेकांना टेकवत राहिला. दलदलीतल्या बारीक चिलटांनी चिकट माणूस बघितला आणि त्यांचं आख्खं गावच त्याच्यावर येऊन चिकटलं.

तीन वाजता नोरीन बाटलीत चहा घेऊन आली. लांबच थांबली.

"टरलो, अंगाला मनुकं लावल्यात का रं?"

पाठ तोवर उकडलेल्या खेकड्यासारखी झाली होती. पोट मात्र होतं तसंच पांढरं. आता लपवायला काय उरलं होतं? त्यानं फाटकापासून लोशनपर्यंत सगळं सांगून टाकलं. "तुला हसायचं असंल तर आत्ताच हस," म्हणाला. "समुद्रावर लोकं असत्यात."

नोरीन ढेकळांवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग त्याला घरी नेलं, पालथा निजवला आणि पाठीवर थंड ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या.

"माझ्या मांड्या बघशील तर रातीला गाडीचं दिवं लावायला नगंत," ती म्हणाली. "तिथं मोठी छत्री घ्यावी लागंल."

टरलोनं उशीतनंच विचारलं, "एक का दोन?"

"एकच. पण शर्ट घालून ये बाबा."

आठ दिवसांत पाठीची सालं निघाली. खालून आणखी पांढरा टरलो निघाला.