नानांच्या गाडीचं सस्पेन्शन

जुनी गाडी दारात असली की किस्से शोधावे लागत नाहीत. तिचा स्पेअर पार्ट सोडून बाकी सगळं आपणहून चालत येतं. माझे सासरे, नाना, कल्याणला आमच्याकडेच असतात आणि ही पांढरी गाडी त्यांची. कंपनीने मॉडेल कधीच बंद केलं, नानांनी केलं नाही.

गणपतीनंतर गाडी इतकी आदळायला लागली की डॉक्टरांनी नानांची कंबर तपासून गाडीत बसायलाच बंदी घातली. आता भाऊबीजेला नाना ठाण्याला माईआत्यांकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, गेले नाहीत असं एकही वर्ष नाही. मी म्हटलं, कॅब करू.

"भाड्याच्या गाडीतून बहिणीकडे? मग भाऊही भाड्याचाच ने," नाना म्हणाले आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. ते काही मला बघवेना. भाऊबीजेच्या आत पार्ट मिळवणं आलं.

*

शहाडच्या बबन मिस्त्रीने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली. ती कण्हत खाली गेली. आम्ही ती वर यायची वाट बघत उभे राहिलो.

"बसली," बबन म्हणाला.

"मग आता उठणार कशी?"

"ते तुम्ही बघा. मी दाबायचं काम केलं."

दणके झेलणारं सगळंच सामान संपत आलेलं : पुढचे दोन्ही शॉकअप आणि डावा आर्म गेलेले, मागचे पाटे जायच्या बेतात. पार्ट मी आणायचे आणि बबनने लावायचे असं ठरलं.

*

माझं ऑफिस सरकारी, ठाण्याला. जेवणाच्या सुट्टीत मी एकेका दुकानाला फोन लावत होतो.

"हो हो, सस्पेन्शनचंच विचारतोय. पुढचे दोन्ही गेले. आता मागचेही जाणार. काहीतरी करा हो, घरी म्हातारं माणूस आहे."

फोन ठेवला तर हॉलमधले सगळे माझ्याकडेच बघत होते. पेंडसे मॅडमनी आपल्या डब्यातलं थालीपीठ माझ्या डब्यात ठेवलं. सावंत खुर्ची सरकवत जवळ आला आणि कानाशी म्हणाला, "मागचे जाणार म्हणालास. मागे मीच बसतो रे."

चार वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चांगलेच तापले होते.

"माझ्या सहीशिवाय तुम्हाला सस्पेंड केलं कोणी?"

*

पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, नवऱ्याला तेवढीच मदत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'जुना पाटा हवा आहे. कोणाकडे पडून असल्यास कळवावे. तातडीचे.'

संध्याकाळी दारात तीन दगडी पाटे! जोशीकाकू तर पुन्हा विचारायला आल्या, "वरवंटा आहे ना गं तुझ्याकडे, की तोही आणू?"

परत न्या म्हणून सांगायला गेलो तर तिन्ही घरांत कोणी दार उघडेना. इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरातून गेलेला धोंडा परत कोण घेतोय. नानांनी मात्र दोन दिवस पाट्यावरची लसणीची चटणी करवून घेतली. म्हणाले, "पार्ट उत्तम आहे. गाडीला लागत नाही, एवढंच."

*

मग एके दिवशी मोबाइलवर आर्मचा फोटो दिसला. डावा, आमच्याच मॉडेलचा. विकणारा उल्हासनगरचा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावलो.

"ऐसा पीस दुबारा नहीं मिलेगा साहब, पिछले हफ्ते ही आया है," तो म्हणाला. मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. आर्म तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन मी रिक्षाने थेट शहाड गाठलं.

बबनने तो उलटापालटा केला. "हा तर आपलाच. मीच गाडीतून काढून भंगारात दिलेला."

"कशावरून?"

"हे बघा की. नानांनी निळ्या पेंटने ॐ काढलाय."

*

शेवटी बबनलाच पत्ता लागला. नदीकडच्या एका गावात आमच्याच मॉडेलची गाडी अंगणात उभी होती. यजमान गेल्यापासून हललेली नव्हती, त्यामुळे खालचं सामान शाबूत. आत कोंबड्या राहायच्या. घरच्या आजीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खालचा समदा काढलास त गारी वाकरी होल. माज्या कोंबऱ्या घसरतील ना."

यावर तोडगा बबनने काढला. वैशालीला फोन गेला आणि रिक्षातून तिन्ही दगडी पाटे आले. ते आजीच्या गाडीखाली टेकू म्हणून गेले आणि लोखंडी पाटे, आर्म, शॉकअप आमच्याकडे. आजीने खिडकीतून डोकावून कोंबड्या सपाटीवर असल्याची खात्री केली, मग खालचे दगड निरखले आणि मला विचारलं, "वरवंटा नाय आनलास?"

*

भाऊबीजेला सकाळी निघालो. नानांना हल्ली फार अंधुक दिसतं, पण ठाण्याचा रस्ता त्यांना दणक्यांवरून पाठ. पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि गाडी आदळली की सांगायचे, "दुर्गाडीचा पूल." "कोनगाव." "साकेतचा पूल, आलंच ठाणं." कधी चुकले नाहीत.

त्या दिवशी मात्र गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. मला इतका आनंद झाला की खड्डा दिसला की मी मुद्दाम त्यावरून नेत होतो. नाना डोळे मिटून गप्प. माजिवड्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा फक्त म्हणाले, "कोणासाठी थांबलोय आपण?" वैशाली राहिली असं त्यांना वाटत असेल, म्हणून मी म्हटलं, "ती मागेच बसलीय नाना."

माईआत्या औक्षणाचं ताट घेऊन गेटपाशीच उभ्या होत्या. मी गाडी थांबवली, काच खाली केली. नाना उतरेनात. माईआत्यांना काही दम निघेना. त्यांनी खिडकीतूनच हात घालून नानांना कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "अरे बाळ, झोपलायस का?"

नानांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी चाचपडत बहिणीचा हात धरला.

"माई? अगं, तू कल्याणला कधी आलीस?"